सात नंबरचा बिल्ला

सकाळी पावणेसातला युरे तोमिच टोपी हातात घेऊन ऑफिसच्या दारात उभा राहिला, तेव्हाच कारखाना चालवणाऱ्या हिल्माला कळलं की काहीतरी बिनसलंय. तीस वर्षं कारखान्याचा मुकादम असलेला हा क्रोएशियन म्हातारा टोपी काढायचा ती फक्त कोणाच्या तरी मयताला.

"काय झालं, युरे?"

"खुंटीवर बिल्ला आहे."

"मग असेल कोणीतरी आत."

"आत कोणी नाही. मी पिंजऱ्याच्या जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या." त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "आणि बिल्ला जुना आहे, हिल्मा. तुझ्या आजोबांच्या हातचा."

हिल्मानं भिंतीवरच्या काचेच्या पेटीकडे पाहिलं. आत वडिलांचा इंजिनिअरिंगच्या पदवीचा कागद होता, वीज कंपनीच्या नोकरीचा राजीनामा होता, आणि त्यांच्यामध्ये एक नंबरचा पितळी बिल्ला. जागच्या जागी. जुन्या बारा बिल्ल्यांपैकी दहा सव्वीस वर्षांपूर्वीच वितळवले होते. एक या पेटीत होता. आणि एक कधी सापडलाच नव्हता.

ती उठली आणि युरेच्या मागोमाग निघाली.

हिल्माच्या वडिलांनी, आर्वो हेइक्किलानं, एकोणपन्नास साली पक्की नोकरी सोडून कारखाना काढला, तो उत्तर मिशिगनमधल्या तांब्याच्या बंद पडलेल्या खाणीच्या यंत्रघरात. गाव हसलं होतं. जिथं बाप जमिनीखाली तांबं खणत मेला, तिथं हा शहाणा तांब्याची तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर विकणार म्हणे! पण आर्वोनं ते करून दाखवलं, आणि खाणीतली एक रीत तेवढी उचलून वर आणली. माणूस खाली उतरताना आपला बिल्ला खुंटीवर टांगायचा आणि वर आला की स्वतःच्या हातानं काढायचा. इथं खुंटी होती चाचणीच्या पिंजऱ्याच्या मोठ्या खटक्याशेजारी. जोवर खुंटीवर बिल्ला, तोवर खटक्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याचा बिल्ला काढायचा नाही, मग तो मालक का असेना. खुंटी मोकळी झाली तरी आत तोंड करून तीन हाका मारायच्या, प्रत्येक हाकेनंतर दहा आकडे मोजायचे, आणि मगच वीज सोडायची.

या रीतीतून एकच माणूस निसटला होता. आर्वोचा धाकटा भाऊ ओन्नी. एकसष्ट साली. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, मयत इसम बिल्ला न लावता आत गेला.

आता जाळीच्या पिंजऱ्यात बारा फूट उंचीचा नवा ट्रान्सफॉर्मर उभा होता, आजवर बनवलेला सगळ्यांत मोठा. आणि खुंटीवर सव्वीस वर्षांनी ओन्नीकाकाचा हरवलेला सात नंबरचा बिल्ला लोंबत होता. त्याच्यावर ना धूळ, ना गंज. रोज हाताळल्यासारखा लखलखीत.

"हलतोय," युरे हळूच म्हणाला.

"वारा असेल."

"कुठून?"

हिल्माची नजर व्होल्टमीटरवर गेली. खटका वर, तार मोकळी. काटा शून्यावर झोपलेला हवा होता. तो शून्याच्या केसभर वर थरथरत होता. शेजारच्या जिवंत तारेतून मोकळ्या तारेत विजेचा एवढा दाब उतरू शकतो, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी तिनं काचेवर दोनदा टिचकी मारली.

"दुपारी दोनला गिऱ्हाईकाचा तपासनीस येतोय, युरे. आज चाचणी झाली नाही तर ही ऑर्डर गेली. आणि ही गेली तर कारखाना गेला."

"ठाऊक आहे. मला काढून टाक हवं तर," युरे म्हणाला. "पण तो बिल्ला मी काढणार नाही. पोरांपैकीही कोणी काढणार नाही."

आर्वो नेहमीसारखा पहाटेपासूनच येऊन बसला होता. वय सत्याहत्तर, डोकं कधी इथं तर कधी पन्नास वर्षं मागं. कॉफीच्या खोलीत खिडकीशी बसून तो बाहेर पडणारा बर्फ बघत होता.

"बाबा, खुंटीवर बिल्ला तुम्ही लावलात?"

"माणूस आत जाणार असेल तर बिल्ला लावतोच. त्यात विचारायचं काय?"

"कोण माणूस?"

त्यानं तिच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "बाहेर आला की काढेल तो. कॉफी सहा जणांची कर. ओन्नीला दूध नको."

म्हणजे बाबांनीच लावला. कुठं सापडला कोण जाणे, आणि तो या दिवशीच लावायला सुचलं त्यांना! की त्यांना सुचवलं कोणी? तिनं तो विचार झटकला. इंजिनिअर बाईनं असले विचार करायचे नसतात, निदान कामाच्या वेळी.

मोठी चाचणी असली की सगळ्या घरानं कॉफीला जमायचं, ही हेइक्किलांची पद्धत. दीड वाजता लेम्पीकाकू आली. ओन्नीची विधवा, सत्तरीला टेकलेली, पाठ मात्र खांबासारखी ताठ. काखेत फडक्यात गुंडाळलेला वेलदोड्याचा निसू, फिनिश गोड पाव. मागून बुटांचा बर्फ झाडत तिचा मुलगा रेइनो आला. बाप गेला तेव्हा चार वर्षांचा होता. आता तिशीचा, कारखान्याची विक्री बघायचा. हिल्माशी त्याचं कधी धड जमलं नाही. गावात त्याची ओळख एकच होती. बिल्ला लावायला विसरला ना, त्या ओन्नीचा पोरगा.

तपासनीस ग्रॅहॅम हा दक्षिण मिशिगनचा, सभ्य माणूस. तो खुर्चीत टेकला तेव्हा टेबलावर कप होते सहा आणि माणसं पाच.

"अजून कोणी यायचंय?" त्यानं विचारलं.

"आलाय," आर्वो म्हणाला. "आत आहे."

लेम्पीकाकूची सुरी पावावर थबकली, मग पुन्हा चालू लागली.

हिल्मानं काय घडलंय ते थोडक्यात सांगितलं. सांगून होईपर्यंत रेइनोचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माझ्या बापाचा बिल्ला? कुठं मिळाला?"

"ते माहीत नाही."

"तुला माहीत नाही? इथली टाचणी हलली तरी तुला कळतं!"

"रेइनो, आवाज खाली," लेम्पीकाकू म्हणाली.

"का खाली? सव्वीस वर्षं खालीच होता की आवाज. शाळेत पोरं मला बिनबिल्ल्या म्हणायची, आई. तू म्हणायचीस, गप्प बस, चूक तुझ्या बाबांचीच होती." तो ग्रॅहॅमकडे वळला. "साहेब, दोन वाजता चाचणी होणार. बिल्ला माझ्या बापाचा आहे, त्यामुळं काढायचा हक्क कोणाला असेल तर मला. मी काढतो आणि खटकाही मीच ओढतो."

"तो हक्क तुला नाही," हिल्मा म्हणाली.

"हे बघा! कारखाना बुडाला तरी चालेल, पण बाईसाहेबांचा नियम मोडता कामा नये!"

"नियम माझा नाही. बाबांचा आहे."

"तेच ते. तुम्हां बापलेकीचा."

"मला तीनला निघावं लागेल," ग्रॅहॅम संकोचून म्हणाला. "मागे रस्ता बंद व्हायला लागलाय. पुढची तारीख मला देता येणार नाही, हे आधीच लिहून कळवलंय."

"तुझं काय म्हणणं आहे, काकू?" हिल्मानं विचारलं.

"रेइनोला काढू दे. मेलेल्या माणसासाठी चाळीस जिवंत माणसांच्या घरची चूल विझवायची नसते," लेम्पीकाकू म्हणाली. ती कोरड्या आवाजात बोलत होती आणि पाव वाढत होती.

दोघं एका बाजूला झाली. हिल्मा एकटी पडली. सवयीनं तिनं वडिलांकडे पाहिलं.

आर्वोनं कप डाव्या हातात धरला होता.

लहानपणापासून तिनं वडिलांचा डावा हात पाहिलाच नव्हता म्हणा ना. तो कायम विजारीच्या खिशात. जुने वीजवाले जिवंत तारेजवळ एक हात खिशातच ठेवतात, म्हणजे झटका या हातातून त्या हातात, काळजामधून जात नाही. तीच सवय असणार, असं सगळे धरून चालायचे. पण सवय जेवताना का? चर्चमध्ये का? आई जिवंत असेतो दर महिन्याला तो खिसा रफू करायची आणि पुटपुटायची, काय ठेवतात कोण जाणे, नुसती चाळण होते.

आज हात बाहेर होता. तळव्याच्या मधोमध नाण्याएवढा गोल, गुळगुळीत, हिरवट डाग होता. वर्षानुवर्षं पितळ धरून बसल्यावर पडतो तसा.

म्हणजे बिल्ला बाबांपाशी होता. पहिल्या दिवसापासून. आणि एवढा लपवला, म्हणजे ओन्नीकाका तो लावायला विसरला नव्हता.

हिल्मानं कॉफीचा घोट घेतला. आता नुसतं गप्प बसलं की झालं! रेइनो बिल्ला काढेल, खटका पडेल, ग्रॅहॅम शिक्का मारेल, कारखाना वाचेल आणि बाबा सुखानं मरतील. कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. फक्त बिनबिल्ल्या बिनबिल्ल्याच राहिला असता.

"चला, पाच कमी दोन," रेइनो उठला.

बाकीचे त्याच्यामागून निघाले. निघताना हिल्मानं मागं वळून पाहिलं नाही, याचं तिला पुढं जन्मभर वाईट वाटलं.

पिंजऱ्यापाशी चाळीस माणसं भिंतीला चिकटून उभी होती. फाटकावरचा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे दार घट्ट बंद. तळपायांना हलकीशी गुणगुण जाणवत होती, बंद यंत्राची कशी काय जाणवेल देव जाणे. कोणीतरी पुटपुटलं, "शीळ ऐकलीस?" ओन्नी काम करताना शीळ घालायचा, हे जुन्या माणसांना अजून आठवत होतं.

ग्रॅहॅमनं चष्मा चढवला आणि खुंटीवरचा बिल्ला वाकून पाहिला.

"हा तर एक नंबरचा," तो म्हणाला. "एक नंबर म्हणजे मालकांचाच ना? मग त्यांनाच काढू दे की. वाद कसला?"

हिल्मानं पुन्हा आकड्याकडे पाहिलं.

हिल्माचे आजोबा फिनलंडहून आलेले. बिल्ल्यांवरचे नंबर त्यांनी खाणीत असतानाच छिन्नीनं कोरले होते, आणि तिकडच्या पद्धतीनं एकाच्या डोक्यावर लांबलचक छप्पर काढलं होतं. त्यामुळं म्हाताऱ्याचा 1 आणि म्हाताऱ्याचा 7 यांत फरक एका शेपटीचा. घरात त्यावरून थट्टा चालायची. एकसष्ट सालच्या त्या आठवड्यात मात्र आर्वोनं आपला तेवढा ठेवून बाकीचे जुने बिल्ले वितळवून यंत्रावर छापलेले नवे आणले. दुःखानं केलं असेल, असं लोक म्हणाले. तेव्हापासून त्यानं पुन्हा कधी खटक्याला हात लावला नाही. कोट चढवला, ऑफिसात बसला, ऑर्डरी मिळवत हिंडला. इंजिनिअरचा पुरता कारखानदार झाला. माणूस मोठा झाला, असं लोक त्यावरही म्हणाले.

लेम्पीकाकू बिल्ल्याकडे बघत होती. मग तिनं हिल्माकडे पाहिलं. दोघींना एकाच वेळी कळलं होतं, आणि दोघींनाही ते एकमेकींच्या तोंडावर दिसलं.

"बोल," काकू म्हणाली.

आता बोलणं भाग होतं, आणि हिल्मा बोलली. "तो सात आहे, साहेब. त्या दिवशीही गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. बाबांना वाटलं, सकाळी लावलेला आपलाच बिल्ला काढायचा राहिलाय. त्यांनी एक वाचला, काढला, खिशात टाकला. हाका मारल्या नाहीत आणि खटका ओढला. नंतर खिशात हात घातला असेल तेव्हा बिल्ले दोन लागले असतील." तिचा आवाज फाटला. "काकू, ओन्नीकाका विसरला नव्हता. त्यानं बिल्ला लावला होता. मला हे आत्ता कॉफी पिताना कळलं, आणि मी गप्प बसणार होते."

रेइनोनं भिंतीवर मूठ हाणली. "खुनी! सव्वीस वर्षं माझ्या बापाला..." त्याला पुढं बोलवेना. मग दात आवळून तो खटक्यापाशी गेला आणि मूठ पकडली. "काढ, आई. तुझ्या नवऱ्याचा बिल्ला आहे, तू काढ. हे एकदाचं संपवू दे मला. मग त्या म्हाताऱ्याकडे बघतो."

लेम्पीकाकू पुढं झाली. खाणीच्या काळात मेलेल्या माणसाचा बिल्ला त्याच्या बायकोचा होत असे. तिनं तो खुंटीवरून काढला आणि मुठीत घेतला.

रेइनोचे खांदे ताणले गेले.

"थांब," ती म्हणाली. "तीन हाका."

"आई, आत कोण असणार आहे? दिवा हिरवा आहे!"

"तुझा बाप होता तेव्हाही हिरवाच होता. थांब म्हटलं ना."

तिनं जाळीकडे तोंड केलं. "आत कोण आहे?"

दहा आकडे. काही नाही. नुसती गुणगुण.

"आत कोण आहे?"

सहा, सात, आठ. काटा थरथरला. रेइनोच्या हाताच्या शिरा टरारल्या होत्या. ग्रॅहॅमनं घड्याळ पाहिलं.

तिसऱ्या वेळी काकूचा आवाज बदलला. ती आता रीत पाळत नव्हती, खरंच विचारत होती. "आत कोण आहे रे?"

"आहे," आतून उत्तर आलं.

एक बाई किंचाळली. युरेनं छातीवर क्रूस काढला. रेइनोनं खटक्याची मूठ विस्तव लागावा तशी सोडली आणि मागं सरकताना पडलाच.

"मी आहे," आवाज पुन्हा आला. थकलेला, ओळखीचा. "बिल्ला लावलाय मी. दिसत नाही का?"

ट्रान्सफॉर्मरच्या मागं भिंतीत खाणीच्या दोरखंडासाठी ठेवलेलं एक बुटकं दार होतं. ते कारखान्याआधीचं, त्यामुळं दिव्याला ठाऊक नव्हतं, आणि ते आहे हे आर्वोशिवाय सगळे विसरून गेले होते. आपला बिल्ला काचेत कुलूपबंद, म्हणून त्यानं पहाटे खिशातला लावला. सगळे निघून गेल्यावर उठून त्याच दारानं आत आला. सहावा कप तिथंच राहिला.

तो यंत्राच्या आडून पुढं आला आणि जाळीला धरून उभा राहिला. दोन्ही हातांनी. डोळे स्वच्छ होते.

"मी त्याला न्यायला आलो होतो," तो म्हणाला. "येत नाही म्हणतो."

रेइनो जमिनीवर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होता. "मी ओढला असता," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "हिल्मा, आईनं थांबवलं नसतं तर मी ओढला असता." हिल्मा त्याच्याजवळ खाली बसली. त्याचा तो हात तिनं दोन्ही हातांत घेतला, आणि तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच चुलतभावानं तो काढून घेतला नाही.

लेम्पीकाकू जाळीपाशी गेली. मधे फक्त तार होती.

"तो यायचा नाही, आर्वो. तू ये बाहेर."

तो बाहेर आला. काकूनं मूठ उघडून बिल्ला पुढं केला.

"मला इथं नकोय तो," ती म्हणाली. "खाणीत माणूस गेला की बिल्ला घरी आणून द्यायचे. टोपी काढून, दार वाजवून, टेबलावर ठेवायचे. मी त्या दिवशी कॉफी करून ठेवली होती. रात्र झाली तरी कोणी आलं नाही." तिनं बिल्ला त्याच्या हातात ठेवून त्याची बोटं मिटली. "रीतीनं आण."

मग तिनं शाल ओढली आणि एकटीच बर्फात चालू लागली.

चाचणी अडीचला झाली. मागच्या दाराला युरेनं साखळी घातली. हाका रेइनोनं मारल्या आणि दहाऐवजी वीस आकडे मोजले. खटका हिल्मानं ओढला. काटा चढला तो नेमक्या जागी जाऊन थांबला, आणि खटका पुन्हा वर गेल्यावर शून्यावर आला. या वेळी अगदी शून्यावर. ग्रॅहॅमनं काही न विचारता शिक्का मारला आणि गाडी जवळजवळ पळवतच नेली.

चारच्या सुमाराला आर्वो लेम्पीच्या घराच्या पायऱ्या चढला. हिल्मा आणि रेइनो फाटकाशीच थांबले. बर्फ त्याच्या उघड्या डोक्यावर साचत होता. टोपी काखेत होती, आणि बिल्ला दोन्ही हातांच्या ओंजळीत. त्यानं कोपरानं दार वाजवलं.

आत पावलं वाजली नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेबल दिसत होतं, त्यावर वाफाळलेले कप. हिल्मानं ते दोनदा मोजले. तीन होते.

त्यानं पुन्हा वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"आर्वो." त्याचे ओठ थंडीनं निळे पडले होते, पण शब्द साफ उमटले. "ओन्नीचा बिल्ला आणलाय, लेम्पी. त्यानं लावला होता. मी काढला."

आत खुर्ची सरकली. मग कडी सरकली आणि दार उघडलं.

"उशीर केलास," ती म्हणाली, आणि त्याला आत यायला बाजूला झाली.